घटनास्थळी पहिल्यांदा पोहोचलेल्या पोलिसाने नेमके काय करायचे असते?

अर्धविराम

नमस्कार. गेले वर्षभर मी एक दीर्घकथा लिहीत आहे. तिची सुरुवात एका खुनाने होते. पहिल्या प्रकरणात तपास अधिकारी दार ढकलून खोलीत येतो, मृतदेहाजवळ वाकतो, खिशातला रुमाल काढून त्यात चाकू उचलतो, खिडकी उघडून बाहेर नजर टाकतो आणि मग हाताखालच्या शिपायाला सूचना देतो. हे प्रकरण मी पोलीस खात्यात नोकरी केलेल्या एका स्नेह्यांना वाचायला दिले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि एवढेच म्हणाले, की तुमच्या अधिकाऱ्याने पाच ओळींत चार पुरावे नष्ट केले आहेत.

तेव्हापासून मी जे मिळेल ते वाचतो आहे, परंतु बहुतेक ठिकाणी प्रयोगशाळेतल्या चाचण्यांचे वर्णन सापडते. चाचणीच्या आधीचे तास, म्हणजे वर्दी मिळाल्यापासून पहिली वस्तू उचलली जाईपर्यंतचा काळ, कसा जातो हे कोणी सविस्तर सांगत नाही. पहिल्यांदा पोहोचणारा पोलीस बहुधा कनिष्ठ असतो. त्याला काय करण्याची मुभा असते आणि काय करण्याची नसते? पुढे वरिष्ठ, छायाचित्रकार, ठसेतज्ज्ञ, डॉक्टर असे सगळे जमल्यावर शब्द कोणाचा चालतो? आणि तपास ज्याच्याकडे आहे त्यानेच पुरावे गोळा का करू नयेत?

कथेत रंजकता हवी हे खरे, पण जे लोक हे काम आयुष्यभर करतात त्यांच्याविषयी खोटे लिहायची माझी इच्छा नाही. जाणकारांनी वेळ काढून लिहिले तर मनापासून आभारी राहीन.

पहारा

आपल्या स्नेह्यांचे म्हणणे बरोबर आहे. मी पोलीस दलातून निवृत्त झालो आहे आणि नोकरीची पहिली अनेक वर्षे आपण ज्याला ‘हाताखालचा शिपाई’ म्हटले आहे, त्या जागी काढली आहेत. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम रुमालाविषयी. रुमालाने वस्तू उचलली की ठसे वाचतात, हा समज कोठून आला हे मला ठाऊक नाही, परंतु तो चुकीचा आहे. कापड मुठीवर घासले जाते आणि घामाचा जो पातळ थर म्हणजेच ठसा, तो पुसला जातो. शिवाय रुमाल अधिकाऱ्याच्या खिशातला असतो. त्यावर त्याची स्वतःची लाळ, त्वचेचे कण आणि कपड्यांचे धागे असतात, ते सगळे आता चाकूवर आले. पण याहून मोठी चूक म्हणजे चाकू उचललाच गेला ही. तो जमिनीवर कोणत्या कोनात पडला होता, पात्याची धार कोणीकडे होती, त्याच्याखाली रक्त होते की त्याच्यावर, मृताच्या हातापासून तो किती अंतरावर होता, या प्रश्नांची उत्तरे चाकू जागेवर असेपर्यंतच मिळू शकतात. एकदा उचललेली वस्तू ‘मूळ जागी’ पुन्हा कोणीही ठेवू शकत नाही.

आता पहिल्या पोलिसाविषयी. त्याचे पहिले कर्तव्य पुरावा नसून माणूस आहे, हे आधी स्पष्ट करतो. आत कोणी जिवंत असेल तर त्याला वाचवायचे, आणि त्या धावपळीत दहा ठसे पुसले गेले तरी त्याचा खेद करायचा नाही. हल्लेखोर अजून आत असेल तर त्याला आवरायचे. गॅस गळत असेल, वीज उघडी असेल, तर तो धोका दूर करायचा. मात्र हे करताना आपण कोठून आत गेलो, कशाला हात लावला, काय सरकवले, हे लक्षात ठेवायचे आणि हाताला उसंत मिळताच लिहून काढायचे. रुग्णवाहिकेतून आलेल्यांनाही हेच विचारून घ्यायचे: कोणते फर्निचर हलवले, हातमोज्यांची आवरणे कोठे टाकली, शर्ट कोठून कापला. गोळी किंवा सुरा ज्या भोकातून गेला त्या भोकातूनच कात्री चालवली, तर कपड्यावरची सर्वांत महत्त्वाची खूण जाते.

हे झाले की त्याने थांबायचे. मला हे शिकायला एक प्रकरण लागले. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी आणि माझा सहकारी एका घरात सर्वांत आधी पोहोचलो. आतल्या खोलीत एक वृद्ध गृहस्थ मृत पडले होते, आणि त्यांना जाऊन दोन-तीन दिवस झाले असावेत. दुर्गंधी सहन होईना म्हणून मी खिडकी उघडली. त्या क्षणी त्यात काही वावगे वाटले नाही आणि नोंदवहीत लिहायचेही सुचले नाही. मग दुसऱ्या दिवशी आलेल्या तपास पथकाने उघडी खिडकी पाहिली आणि मारेकरी त्या वाटेने गेला असावा असे धरून पुढचे चार दिवस मागच्या आवारात घालवले. मी त्या चर्चेच्या वेळी हजर नव्हतो. पाचव्या दिवशी माझा जबाब घेतला गेला तेव्हा खरे काय ते बाहेर आले. कोणी माझ्यावर ओरडले नाही, पण ते चार दिवस परत मिळणारे नव्हते, आणि त्या गृहस्थांच्या मुलीला मी त्या दिवसांत रोज दारात उभी पाहत होतो.

म्हणून पहिल्या पोलिसाच्या वहीत मी काय शोधतो ते सांगतो. पोहोचल्याची वेळ, मिनिटासह. दार बंद होते, लोटलेले होते की कुलूप होते. दिवे कोणते चालू होते. पडदे ओढलेले होते का. दूरचित्रवाणी, पंखा, शेगडी, नळ यांची अवस्था. वास: पेट्रोलचा, दारूचा, अत्तराचा, सिगारेटचा, तासाभरात तो उडून जातो आणि कोणत्याही कॅमेऱ्यात येत नाही. रक्त ओले होते की कडेने सुकू लागले होते. खोलीत कोण होते आणि त्यांचे पहिले शब्द काय होते, ते त्यांच्याच शब्दांत. घरातला फोन वापरायचा नाही, बेसिनमध्ये हात धुवायचे नाहीत, संडास वापरायचा नाही, तेथे पाणी प्यायचे नाही, सिगारेट ओढायची नाही. बेसिनच्या नळीत मारेकऱ्याने धुतलेले रक्त असू शकते आणि पोलिसाच्या एका ओंजळीने ते वाहून जाऊ शकते.

यानंतर घेराबंदी. येथे नवखा माणूस नेहमी कंजूषपणा करतो. ज्या खोलीत मृतदेह आहे तिच्या दाराला फीत लावतो आणि समाधान मानतो. वास्तविक मारेकरी कोठून तरी आला, कोठे तरी थांबला, कोठून तरी गेला, आणि जाताना त्याने काही तरी टाकलेही असेल. म्हणून पहिला घेरा गरजेपेक्षा मोठा घालावा. नंतर तो लहान करता येतो. मोठा करायला जावे तर तोवर बघ्यांची पावले त्या जमिनीवर उमटलेली असतात. साधारणतः दोन घेरे असतात: आतल्या घेऱ्यात फक्त प्रत्यक्ष काम करणारे, आणि बाहेरच्या घेऱ्यात पोलीस वाहने, वरिष्ठ आणि साहित्य. वार्ताहर व जमाव त्याच्याही पलीकडे. आत जाण्यायेण्यासाठी एकच वाट ठरवायची आणि ती शक्यतो मारेकऱ्याने वापरली नसेल अशी निवडायची. पुढे त्या वाटेवरही पाय ठेवण्यासाठी पट्ट्या अंथरतात, म्हणजे फरशीवरचे पाऊलठसे त्यांच्याखाली सुरक्षित राहतात.

घेऱ्याच्या तोंडाशी एक जण वही घेऊन उभा असतो. आत जाणाऱ्या प्रत्येकाचे नाव, हुद्दा, कारण, आत गेल्याची वेळ आणि बाहेर आल्याची वेळ तो लिहितो. आपण शब्द कोणाचा चालतो असे विचारले आहे; त्या दाराशी शब्द त्याचा चालतो. कोणी कितीही वरिष्ठ असो, आत काही काम नसेल तर त्याने आत जाऊ नये, आणि गेला तर त्याचे नाव वहीत आलेच पाहिजे. माझ्या अनुभवात घटनास्थळाची सर्वांत जास्त नासाडी गुन्हेगारांनी केलेली नाही. ‘जरा पाहून घेतो’ म्हणत आत आलेल्या वरिष्ठांनी केली आहे. कनिष्ठाला त्यांना अडवणे जड जाते, आणि म्हणून ती वही हे त्याचे कवच असते.

साक्षीदारांविषयी एकच सांगतो: त्यांना एकत्र बसू देऊ नये. ते एकमेकांना धीर देतात, बोलतात, आणि अर्ध्या तासात चौघांनी पाहिलेला माणूस निळा सदरा घातलेला होतो, मग प्रत्यक्षात एकानेच तो रंग पाहिलेला असला तरी. यात खोटेपणा नसतो. माणसाची स्मृती अशीच चालते.

परीक्षानळी

मी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत काम करते. आमच्या टेबलावर जी पाकिटे येतात त्यांचा दर्जा वर लिहिलेल्या पहिल्या तासांवर अवलंबून असतो, म्हणून ‘पहारा’ यांच्या लेखनाला मनापासून दुजोरा देते आणि पुढचा टप्पा सांगते.

पुरावे गोळा करण्याआधी तपास अधिकारी आणि घटनास्थळाचा तांत्रिक प्रमुख ठरलेल्या वाटेने एकदा फिरून येतात. या फेरीत काहीही उचलायचे नसते. काय आहे, काय लवकर नष्ट होईल, कोणत्या तज्ज्ञाला बोलवावे लागेल, याचा अंदाज घ्यायचा असतो. पाऊस येण्याची चिन्हे असतील तर अंगणातला बुटाचा ठसा खोलीतल्या रक्ताच्या आधी घ्यावा लागतो. मग छायाचित्रण. प्रथम संपूर्ण खोली चारही कोपऱ्यांतून, मग वस्तूचा आजूबाजूच्या वस्तूंशी असलेला संबंध दाखवणारी मधल्या अंतरावरची चित्रे, आणि शेवटी जवळून. जवळचे चित्र दोनदा घेतात, एकदा मोजपट्टीशिवाय आणि एकदा मोजपट्टी ठेवून. पट्टीशिवायचे चित्र यासाठी, की पट्टीखाली काही झाकले नव्हते हे दाखवता यावे. ठशाच्या बाबतीत कॅमेरा अगदी समोर, काटकोनात धरावा लागतो. तिरक्या चित्रावरून माप घेता येत नाही.

छायाचित्रे असताना हाताने नकाशा कशाला काढायचा, असे प्रशिक्षणार्थी दर वर्षी विचारतात. छायाचित्र अंतर फसवते आणि नको तेही दाखवते. नकाशात प्रत्येक महत्त्वाच्या वस्तूचे अंतर दोन स्थिर बिंदूंपासून, म्हणजे भिंतीचा कोपरा किंवा दाराची चौकट अशा न हलणाऱ्या जागांपासून, मोजून लिहितात. त्यामुळे दहा वर्षांनी खोली रंगवली, फर्निचर बदलले, तरी ती वस्तू कोठे होती हे सांगता येते. छायाचित्रे, नकाशा आणि लेखी वर्णन, ज्याला मराठीत आपण पंचनामा म्हणतो, ही तिन्ही एकमेकांची जागा घेत नाहीत.

मग गोळा करण्याचा क्रम. जी पद्धत पुढच्या पद्धतीला बाधा आणणार नाही ती आधी. सुटे केस आणि धागे आधी टिपतात, मग रक्त व इतर जैविक डाग, आणि ठशांची पूड सामान्यतः त्यानंतर. कारण पुडीचा ब्रश एका जागेवरून दुसऱ्या जागी जाताना डीएनएही सोबत नेऊ शकतो. रक्ताचे डाग धुऊन टाकले असल्याची शंका असेल तर ल्युमिनॉल फवारतात; ते रक्तातल्या लोहयुक्त घटकामुळे अंधारात निळसर चमकते. परंतु ते ब्लीचनेही चमकते आणि काही धातूंमुळेही. म्हणून ती चमक फक्त ‘येथे बारकाईने पाहा’ एवढे सांगते. ‘येथे रक्त आहे’ असे नव्हे. कथाकारांनी ही एक मर्यादा पाळली तरी मला आनंद होईल.

बांधणीविषयी मी हट्टी आहे. रक्ताने भिजलेला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत घालू नये. आत ओल धरते, बुरशी आणि जिवाणू वाढतात आणि डीएनए कुजतो. तो सावलीत सुकवून कागदी पिशवीत, प्रत्येक कपडा वेगळा, असा पाठवावा लागतो. जळिताच्या प्रकरणात नियम नेमका उलटा होतो. तेथे पेट्रोल किंवा रॉकेलची वाफ पकडायची असते, म्हणून राख आणि जळके लाकूड हवाबंद पत्र्याच्या डब्यात किंवा त्यासाठीच बनवलेल्या नायलॉनच्या पिशवीत भरतात. कागदी पिशवीतून ती वाफ प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत निघून गेलेली असते. गोळीबारात संशयिताच्या हातावर शिसे, बेरियम आणि अँटिमनी यांचे सूक्ष्म कण बसतात. जिवंत माणूस हात धुतो, खिशात घालतो, चेहरा पुसतो, आणि काही तासांत ते कण जातात. त्यामुळे ते टिपण्याचे काम पोलीस ठाण्यात पोहोचेपर्यंत लांबवून चालत नाही. चालू असलेला मोबाईल सापडला तर त्यात डोकावू नये. त्याचा जाळ्याशी संपर्क तोडणाऱ्या पिशवीत तो ठेवावा, नाहीतर कोणी दूर बसून त्यातला मजकूर पुसू शकतो.

या सगळ्याच्या मुळाशी एदमाँ लोकार या फ्रेंच तज्ज्ञाचा विचार आहे. त्यांनी १९१० मध्ये ल्यों शहरात न्यायालयाच्या इमारतीतल्या माळ्याच्या खोल्यांत पोलिसांसाठी प्रयोगशाळा सुरू केली. दोन वस्तूंचा स्पर्श झाला की प्रत्येकीवर दुसरीचा काही अंश राहतो, असे त्यांच्या म्हणण्याचे सार आहे. आम्ही हे गुन्हेगाराबाबत मोठ्या विश्वासाने सांगतो आणि स्वतःबाबत विसरतो. तोच नियम पोलिसालाही लागू आहे, छायाचित्रकारालाही आणि मलाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण जर्मनीतले आहे. २००७ मध्ये हाइलब्रॉन येथे एका तरुण पोलीस महिलेचा गोळी घालून खून झाला आणि तिच्या गाडीवर एका अनोळखी स्त्रीचा डीएनए सापडला. हाच डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या सुमारे ४० घटनास्थळांवर मिळाला होता: खून, घरफोड्या, गाड्यांच्या चोऱ्या, ज्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध दिसत नव्हता. तिला शोधण्यासाठी तीन लाख युरोंचे बक्षीस लावले गेले. २००९ मध्ये एका जळालेल्या पुरुषाची ओळख पटवण्याच्या कामातही तोच स्त्रीचा डीएनए निघाला तेव्हा शंका आली, आणि उलगडा असा झाला, की नमुना घेण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कापसाच्या काड्यांवर तो कारखान्यातल्या एका कामगार स्त्रीकडून आलेला होता. काड्या निर्जंतुक होत्या, म्हणजे त्यांवरचे जंतू मेलेले होते. डीएनए मात्र त्या प्रक्रियेने नष्ट होत नाही. त्या काळात अनेक देशांतले प्रामाणिक पोलीस अस्तित्वातच नसलेल्या एका गुन्हेगार स्त्रीचा माग काढत होते. पुढे २०१६ मध्ये अशा साहित्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आले. म्हणूनच आम्ही न वापरलेली कोरी काडीही प्रयोगशाळेत मागतो, आणि घटनास्थळी गेलेल्या प्रत्येक पोलिसाचे ठसे व डीएनए तुलनेसाठी मागतो. काही जणांना तो अपमान वाटतो. कृपया तसे वाटून घेऊ नये.

अर्धविराम

आपण दोघांनी माझे पहिले प्रकरण फाडायला लावले आहे आणि त्याबद्दल मी खरोखर ऋणी आहे. दोन शंका राहतात. मृतदेहाचे काय? माझ्या कथेत सुरुवातीला सगळ्यांना ती आत्महत्या वाटते. मग घेराबंदी, पट्ट्या, वही हे सगळे कोणी करेलच कशाला? आणि दुसरे, तपास अधिकाऱ्यानेच पुरावे का गोळा करू नयेत, याचे उत्तर अजून मिळालेले नाही.

शवचिकित्सक

मृतदेहापुरते लिहितो. अनेक देशांत मृतदेहावरचा अधिकार पोलिसांकडे नसून मृत्यूची चौकशी करणाऱ्या वेगळ्या अधिकाऱ्याकडे असतो, आणि त्याच्या परवानगीशिवाय देह हलवता येत नाही, खिसेही तपासता येत नाहीत. डॉक्टरांनी पोहोचेपर्यंत देह होता तसा ठेवणे हे पोलिसांचे काम. दयेपोटी घरातली चादर पांघरणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. चादरीवरचे सर्व कुटुंबाचे केस आणि धागे त्या क्षणी मृताच्या अंगावर येतात. नजरेआड करायचेच असेल तर बाहेर आडोसा उभा करावा.

देह आपल्या परीने वेळ सांगत असतो, पण ढोबळ. ताठरपणा साधारण २ ते ४ तासांनी जबड्यात आणि मानेत जाणवू लागतो आणि १२ तासांच्या सुमारास सर्वांगात येतो. उष्णतेत लवकर, थंडीत उशिरा. रक्त खालच्या बाजूस उतरून जांभळट डाग पडतात आणि काही तासांनी ते पक्के होतात. देह पालथा सापडला आणि पक्के डाग पाठीवर असले, तर तो मृत्यूनंतर कोणी तरी फिरवला आहे. हा एक निष्कर्ष आत्महत्येचे प्रकरण उलटवू शकतो, आणि आपल्या कथेला तो उपयोगी पडेल. मात्र ज्याने देह सर्वांत आधी पाहिला त्याने तो पालथा होता हे लिहिलेले आणि चित्रित केलेले असले पाहिजे. खोलीचे तापमानही त्याच वेळी नोंदवावे, खिडकी उघडण्याच्या आधी.

पोलिसांनी देहाला उघड्या हातांनी हात लावू नये हा विचार शंभर वर्षांचा आहे. १९२४ मध्ये इंग्लंडमधल्या एका खुनाच्या तपासात पोलीस मृताचे अवशेष उघड्या हातांनी उचलताना पाहून शवचिकित्सक बर्नार्ड स्पिल्सबरी हादरले. त्यातूनच स्कॉटलंड यार्डच्या अधिकाऱ्यांसाठी हातमोजे, चिमटे, पुराव्याच्या पिशव्या, भिंग असे साहित्य असलेली तयार बॅग ठेवण्याची पद्धत सुरू झाली.

पहारा

आत्महत्येविषयीचे उत्तर सोपे आहे आणि ते पाळणे अवघड आहे. कारण न कळलेला प्रत्येक मृत्यू संशयास्पद आहे असे धरून घटनास्थळ राखायचे. ते राखले आणि पुढे आत्महत्याच निघाली, तर काही तास आणि काही मीटर फीत वाया गेली. न राखता खून निघाला, तर काहीच उरत नाही. आपल्या कथेत पहिल्या शिपायाला आत्महत्या वाटू द्या, पण फीत लावू द्या; तो चांगला शिपाई आहे हे वाचकाला त्यातूनच कळेल.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे. तपास अधिकारी फिर्यादीशी बोललेला असतो, शेजाऱ्यांशी बोललेला असतो, त्याच्या मनात एक नाव हळूहळू पक्के होत असते. यात गैर काही नाही, त्याशिवाय तपास पुढे जातच नाही. परंतु त्या नावासह तो खोलीत शोधू लागला की त्याला त्या नावाला जुळणाऱ्या वस्तू दिसतात आणि न जुळणाऱ्या दिसत नाहीत. त्याऐवजी घटनास्थळाचा प्रमुख वेगळा असावा, त्याला खोलीपलीकडचे शक्य तितके कमी माहीत असावे, आणि त्याने खोली जशी आहे तशी लिहावी. संशयिताला भेटलेल्या अधिकाऱ्याने त्याच दिवशी घटनास्थळी जाऊच नये हेही त्यातच आले. लोकार यांचा नियम पुन्हा येथे लागू होतो. लहान ठाण्यांत इतकी माणसे नसतात आणि एकच अधिकारी छायाचित्रे घेतो, नकाशा काढतो आणि पाकिटेही बांधतो, हे मी जाणतो. मग निदान त्याने कोणते काम कोणत्या वेळी केले याची नोंद ठेवावी.

१८९२ मध्ये अर्जेंटिनात नेकोचेआ येथे दोन मुलांचा खून झाला आणि त्यांच्या आईने एका ओळखीच्या माणसाचे नाव घेतले. स्थानिक पोलिसांनी त्या माणसाला पकडून त्याचा अतोनात छळ केला, पण हाती काही लागले नाही. नंतर अल्वारेझ नावाचा निरीक्षक बाहेरून आला. त्याने संशयिताला बाजूला ठेवून खोली पाहिली आणि दारावर रक्तातला अंगठ्याचा ठसा पाहून लाकडाचा तेवढा तुकडाच कापून नेला. तो ठसा आईचा निघाला आणि तिने कबुली दिली. ठशांच्या आधारे उलगडलेला जगातला पहिला खून म्हणून तो ओळखला जातो. मला त्यात ठशाच्या शास्त्राइतकेच हेही महत्त्वाचे वाटते, की आधीच्या पोलिसांच्या डोळ्यांसमोरही तेच दार होते.

उलटतपासणी

मी फौजदारी वकील आहे आणि बहुधा आरोपीच्या बाजूने उभा राहतो. न्यायालयात मी पोलिसांना पुराव्याच्या शास्त्राविषयी फारसे विचारत नाही. मी पाकिटाविषयी विचारतो. हे पाकीट कोणी बांधले, कोणी सील केले, मोहोर कोणाच्या ताब्यात होती, मुद्देमाल कक्षात ते किती वाजता जमा झाले, तेथून कोणी नेले, प्रयोगशाळेत पोहोचले तेव्हा सील शाबूत होते का. या साखळीतली एक कडी जरी कागदावर नसली, तरी मधल्या काळात त्या वस्तूचे काय झाले हे कोणीही शपथेवर सांगू शकत नाही. म्हणून मुद्देमाल सांभाळणारा एकच माणूस असावा, आणि कथाकारांनी त्याला पूर्ण विसरू नये.

लॉस एंजेलिसमध्ये १९९४ साली एका प्रसिद्ध खेळाडूवर दुहेरी खुनाचा आरोप आला, तो खटला जगाने पाहिला. त्यात एका मृतदेहावर घरातलेच ब्लँकेट टाकले गेले होते. आरोपीच्या रक्ताचा नमुना ताबडतोब जमा करण्याऐवजी एका अधिकाऱ्याने तो स्वतःजवळ ठेवून काही तासांनी दुसऱ्या घटनास्थळी नेऊन दिला. डीएनएचा पुरावा भरपूर होता, तरी १९९५ मध्ये ज्युरीने आरोपीला निर्दोष ठरवले. बचाव पक्षाला विज्ञान खोडून काढावे लागले नाही. हाताळणीविषयी शंका निर्माण करणे पुरेसे झाले.

माझ्या पेशामुळे मला पोलिसांच्या चुका हव्या असतात असे काहींना वाटते. तसे नाही. १९८६ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरशायरमध्ये दोन मुलींच्या खुनांच्या तपासात एका सतरा वर्षांच्या मुलाने त्यांपैकी एका खुनाची कबुली दिली होती. अ‍ॅलेक जेफ्रीज यांच्या नव्या डीएनए चाचणीने दोन्ही ठिकाणचा नमुना एकाच माणसाचा आहे आणि तो माणूस हा मुलगा नाही, हे दाखवले. खरा गुन्हेगार पुढे पकडला गेला. दोन्ही घटनास्थळांवरचे नमुने कोणी तरी नीट घेतले होते आणि नीट ठेवले होते, यात पहिल्या खुनाचा नमुना तर काही वर्षे जपलेला होता. त्या मुलाला वाचवणाऱ्या माणसांत ते अनाम हातही आहेत.

कॅमेऱ्यांच्या चित्रणाविषयी एक व्यावहारिक सूचना. चित्रण जप्त करताना पोलिसाने त्या यंत्रातली वेळ आणि खरी वेळ यांतला फरक तेथेच लिहून घ्यावा. यंत्राचे घड्याळ अकरा मिनिटे पुढे असेल, तर आरोपीचा बचाव पूर्ण उभा राहतो किंवा पूर्ण कोसळतो. आणि बहुतेक यंत्रे काही दिवसांनी जुन्या चित्रणावर नवे चित्रण चढवतात, म्हणून हे काम पुढच्या आठवड्यावर टाकू नये.

अर्धविराम

मी काल रात्री पहिले प्रकरण नव्याने लिहिले. आता त्यात अधिकारी खोलीत जातच नाही. तो उंबऱ्याशी उभा राहतो आणि दाराजवळच्या तरुण शिपायाला एकच प्रश्न विचारतो, की तू आलास तेव्हा खिडकी कशी होती. ‘पहारा’ यांची परवानगी असेल तर तो तपशील मी ठेवीन. शेवटचे एक विचारतो: हे सगळे संपते केव्हा? फीत कोण काढतो?

पहारा

खिडकी खुशाल ठेवा.

फीत तपास अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाशिवाय काढत नाहीत. त्याआधी घटनास्थळाचा प्रमुख, तपास अधिकारी आणि शक्य असेल तर ठसेतज्ज्ञ पुन्हा त्याच वाटेने एक फेरी मारतात. या फेरीत यादीतली प्रत्येक वस्तू पाकिटात आहे ना ते पाहतात, नकाशातली मापे पुरी आहेत ना ते पाहतात, आणि पथकाचे स्वतःचे काही आत राहिले आहे का तेही पाहतात. वापरलेले हातमोजे, मोजपट्टी, कॅमेऱ्याचे झाकण अशा वस्तू राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. शवविच्छेदनाचा प्राथमिक निष्कर्ष येईपर्यंत थांबणे सर्वांत बरे, कारण टेबलावर डॉक्टरांना एखादी जखम दिसते आणि तिला जुळणारे हत्यार त्याच खोलीत कोठे तरी असते. एकदा ताबा सोडला की पुन्हा आत जाण्यासाठी अनेक ठिकाणी नव्याने परवानगी घ्यावी लागते, आणि मधल्या काळात तेथे कोण आले-गेले याचे उत्तर कोणाकडेच नसते.

मग घराची किल्ली कुटुंबातल्या जबाबदार व्यक्तीला सही घेऊन देतात. आत ठशांची काळी पूड दारांवर राहिलेली असते, गालिच्याचा तुकडा कापलेला असतो, रक्ताचे डाग तसेच असतात. अनेक ठिकाणी ते साफ करणे पोलिसांच्या कामात बसत नाही, आणि हे कोणी आधी सांगितले नाही तर घरच्या माणसाला दार उघडल्यावर पुन्हा धक्का बसतो. मी शेवटची काही वर्षे किल्ली देण्याआधी घरच्यांना बाहेर बसवून आत काय दिसेल ते सांगत असे, आणि कोणी सोबत हवे का ते विचारत असे. दारावरच्या वहीत शेवटची नोंद होते ती किल्ली दिल्याच्या वेळेची. त्यानंतर पहाऱ्यावरचा शिपाई सही करतो, वही मिटतो आणि ती मुद्देमालासोबत जमा करतो.